कोऱ्या फाईलसमोर हात का अडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या वर्षाला वेब डिझाइनचा विषय आहे. एचटीएमएलचे (पानाची रचना सांगणाऱ्या भाषेचे) टॅग आणि सीएसएसचे (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचे) गुणधर्म पाठ आहेत, लेखी परीक्षेत गुण बरे मिळतात, व्हिडिओ बघत केलेलं पानही जमतं. पण एडिटरमध्ये कोरी फाईल उघडली की काय लिहायचं ते सुचत नाही. सत्राच्या शेवटी चार-पाच पानांची साइट जमा करायची आहे. मित्र म्हणतात, हे सोड आणि थेट रिअ‍ॅक्ट (साइट बनवायचं एक तयार साधन) शिक, नाहीतर एआयकडून करून घे. मग या विषयात वेळ घालवण्यात अर्थ आहे का?

मी बरीच वर्षं साइट बनवण्याचं काम करते आणि कॉलेजात या विषयाची प्रात्यक्षिकंही घेते. तुमच्यासारखी मुलं दर वर्षी भेटतात. त्यातल्या बहुतेकांना वाटतं की आपलं कोडिंग कच्चं आहे. मला मात्र त्यांच्या फाईली बघून वेगळंच दिसतं. टॅग त्यांना पुरेसे येत असतात. या पानावर कोणाला काय सांगायचं आहे आणि कोणत्या क्रमाने, हे ठरलेलं नसतं. व्हिडिओतल्या माणसाने ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं, म्हणून त्याच्यामागे टाइप करत जाताना हात थांबत नाही. कोरी फाईल तुमच्याकडे निर्णय मागते, आणि तोवर अभ्यासक्रमात तुम्हाला एकही निर्णय घ्यायला लावलेला नसतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. प्रकल्पाचा विषय सरांनी ठरवून दिला आहे की तुम्ही निवडायचा आहे, स्वतःचा लॅपटॉप आहे की फक्त लॅबचे तास, काम एकट्याचं आहे की गटाचं, पुढे प्रोग्रामिंगकडे जायचं आहे की डिझाइनकडे, यावर तपशील बदलतील. अभ्यासक्रम जुना असेल तर त्यात फाँट, सेंटर, मार्की, फ्रेमसेट असे टॅगही असतील. परीक्षेत विचारले तर जरूर लिहा, पण प्रकल्पात वापरू नका. फाँट आणि सेंटर हे टॅग टाळा, असं १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्येच सांगितलेलं आहे. क्रम मात्र कोणत्याही परिस्थितीत मी एकच सांगते: आधी मजकूर, मग रचना, मग रूप, आणि हालचाल, म्हणजे जावास्क्रिप्टचं काम, सगळ्यात शेवटी.

मजकुरापासून सुरुवात म्हणजे काय ते एका उदाहरणावर दाखवते. समजा तुम्ही वाचनालयाची साइट करताय. मुलं पहिल्या पानावर जवळजवळ हमखास असं लिहितात: “आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे. ज्ञानाच्या या अथांग सागरात…” खाली एक मोठा फोटो, आणि मग “आमच्याविषयी”, “आमचे ध्येय”, “गॅलरी”. आता पानावर येणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याला कळायला हवं की वाचनालय आत्ता उघडं आहे का, सभासद व्हायला काय लागतं, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवस ठेवता येतात आणि हवं ते पुस्तक आहे का. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या स्वागतात नाही.

म्हणून एडिटर बंद ठेवा आणि वहीत किंवा साध्या टेक्स्ट फाईलमध्ये हे प्रश्न माणूस विचारेल त्या क्रमाने लिहून काढा. मग प्रत्येकाचं उत्तर लिहा. “वाचकांच्या सोयीसाठी वाचनालय विविध वेळांत कार्यरत असते” हे उत्तर नव्हे. “सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री ८, रविवारी बंद” हे उत्तर आहे. “सभासदत्वासाठी आवश्यक कागदपत्रे सादर करावीत” यापेक्षा “ओळखपत्राची प्रत आणि दोन फोटो घेऊन या, कार्ड लगेच मिळेल” असं लिहिलं की वाचणारा उठून निघू शकतो. लिहून झालं की मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही समोरच्या माणसाशी बोलताना कधीच वापरणार नाही, ते पानावरून काढा किंवा पुन्हा लिहा. दुव्यांनाही हेच लागू होतं. “इथे क्लिक करा” यापेक्षा “सभासदत्वाचा अर्ज” हे शब्दच दुवा करा, म्हणजे पानावरून नुसती नजर फिरवणाऱ्यालाही कुठे काय आहे ते कळतं.

एवढं झालं की कोरी फाईल कोरी राहतच नाही. तुमच्याकडे मजकूर आहे आणि त्यातला कोणता भाग काय आहे हे ब्राउझरला सांगायचं आहे. एचटीएमएलचं मूळ काम हेच. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये पहिली साइट लोकांसमोर आली. ती म्हणजे शीर्षकं, परिच्छेद आणि दुवे, बस. ते पान आजच्या फोनवरसुद्धा उघडतं आणि वाचता येतं, कारण त्यात मजकुराची रचना सांगितलेली आहे. रूप सांगणारी सीएसएस त्यानंतर आली. होकोन व्ह्यूम ली यांनी १९९४ मध्ये तिचा प्रस्ताव मांडला आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. आधी रचना, मग रूप, हा क्रम तंत्राच्या घडणीतच आहे. तुम्ही तो पाळलात तर अर्धी झटापट वाचते.

आपल्या वाचनालयाच्या मजकुराकडे परत येऊ. पानाचं नाव म्हणजे पहिल्या पातळीचं शीर्षक, आणि ते एकच ठेवा. “वेळा”, “सभासद कसं व्हावं”, “पुस्तकांचे नियम” ही दुसऱ्या पातळीची. अक्षर छोटं हवं म्हणून चौथ्या पातळीचं शीर्षक घेऊ नका, आकाराचं काम सीएसएसचं आहे. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडरने पान वाचताना शीर्षकांवरून उड्या मारत हवं तिथे पोचतो. पातळ्या विस्कटल्या की त्याला वाट सापडत नाही. वाराप्रमाणे वेळा बदलत असतील तर ते खरंखुरं कोष्टक आहे, तिथे टेबल टॅग घ्या. पान दोन रकान्यांत मांडायचं म्हणून टेबल घेऊ नका. सभासदत्वाची पावलं क्रमाने करायची असतील तर क्रमांकांची यादी. अर्जातल्या प्रत्येक रकान्याला लेबल द्या आणि लेबलचा ‘फॉर’ हा गुणधर्म त्या इनपुटच्या आयडीशी जुळवा. हे केलं की “नाव” या शब्दावर टिचकी मारली तरी कर्सर चौकटीत जातो. करून बघा, फरक लगेच कळेल.

आणि बटण म्हणजे बटणच. डिव्हला (स्वतःचा काही अर्थ नसलेल्या साध्या चौकटीच्या टॅगला) रंग देऊन, कोपरे गोल करून त्यावर क्लिक बसवायची सवय मुलांना फार लवकर लागते. माउसने ते चालतं. पण टॅब दाबत दाबत त्याच्यापर्यंत जायला गेलात तर ते वगळलं जातं, आणि एंटर दाबून काहीच होत नाही. खऱ्या बटण टॅगला हे सगळं ब्राउझर आपणहून देतो. माझ्याकडे प्रकल्प आला की मी आधी माउस बाजूला ठेवते आणि फक्त कीबोर्डवर साइट फिरून बघते. तुम्हीही जमा करण्याआधी हे करा.

ही रचना झाली की सीएसएसची एकही ओळ न लिहिता पान ब्राउझरमध्ये उघडा. दिसायला ते रुक्ष असेल, पण वरपासून खालपर्यंत वाचून समजलं पाहिजे. समजत नसेल तर रंगरूपाने ते सुधारणार नाही.

आता रूप. इथे मुलं सगळ्यात जास्त अडकतात, कारण गुणधर्म पाठ असतात पण ब्राउझर त्यांचं काय करतो हे माहीत नसतं. एक प्रसंग तुमच्याही लॅबमध्ये घडला असेल. दोन चौकटी शेजारी हव्यात म्हणून दोन्हींना पन्नास टक्के रुंदी दिली, फ्लोट केलं (कडेला सरकवलं) आणि आत वीस पिक्सेल पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) दिलं. दुसरी चौकट खाली घसरली. मग कोणी पन्नासचे अठ्ठेचाळीस करतं, कोणी सत्तेचाळीस, आणि दुसऱ्या स्क्रीनवर ते परत मोडतं. कारण साधं आहे. सीएसएसमध्ये तुम्ही दिलेली रुंदी मुळात फक्त आतल्या मजकुराची असते, पॅडिंग आणि बॉर्डर त्यावर वाढतात. ३०० पिक्सेल रुंदी, दोन्ही बाजूंना २० पॅडिंग आणि १ बॉर्डर दिलीत तर चौकट प्रत्यक्षात ३४२ पिक्सेल जागा घेते. ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ हे मूल्य दिलं की पॅडिंग आणि बॉर्डर त्या ३०० मध्येच धरली जातात. मी हा नियम प्रत्येक सीएसएस फाईलच्या सुरुवातीला लिहिते.

उत्तर सांगितलं, पण ते शोधायचं कसं हे जास्त कामाचं आहे. पानावर उजवी टिचकी मारून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. डाव्या बाजूला तुमचं एचटीएमएल दिसेल, शेजारी त्या घटकाला लागलेले नियम आणि एक चौकटीत चौकट असं चित्र: मजकूर, पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन, प्रत्येकाचा आकडा. जे नियम हरले ते खोडलेले दिसतात. “मी रंग लाल लिहिलाय, तरी निळाच का?” याचं उत्तर तिथेच असतं, कारण आयडीवर लिहिलेला नियम क्लासवरच्या नियमाला हरवतो आणि क्लासचा टॅगच्या नियमाला. प्रत्येक नियमाशेजारी चौकोन असतो, खूण काढली की तो नियम तात्पुरता बंद होतो. माझा आवडता सराव यावरच आहे. खूण काढण्याआधी स्वतःशी सांगायचं की आता काय होईल, मग काढायची. अंदाज चुकला की तिथे थांबून कारण शोधायचं. व्हिडिओ बघून जे हाती लागत नाही ते अशा बसण्यातून लागतं, कारण इथे तुम्ही अंदाज बांधता आणि ब्राउझर तो तपासतो.

मांडणीसाठी फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड ही दोनच तंत्रं नीट शिका. एका ओळीत किंवा एका रकान्यात गोष्टी लावायच्या तर फ्लेक्सबॉक्स, ओळी आणि रकाने दोन्ही सांभाळायचे तर ग्रिड. ग्रिड २०१७ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये आहे, म्हणजे आता बिनधास्त वापरता येतं. फ्लोट चित्राभोवती मजकूर वळवण्यापुरता ठेवा.

फोनवर पान बारीक दिसतंय, असंही तुम्ही लिहिलं होतं. हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिला असेल. तो नसला की फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं धरतो आणि मग आक्रसून पडद्यावर बसवतो. तो टॅग घाला, आणि सीएसएस लिहितानाच आधी अरुंद पडद्यासाठी लिहा. अरुंद पडद्यावर सगळं एकाखाली एक असतं, त्याला फार नियम लागत नाहीत. जागा वाढते तेव्हा मीडिया क्वेरीने (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या नियमाने) रकाने वाढवा. उलट केलंत तर रुंद पडद्याचे नियम एकेक करून मोडीत काढत बसावं लागतं.

“मला चित्रकलेची दृष्टी नाही, मग डिझाइन कसं जमणार” असं तुम्ही लिहिलंय, त्यावर मला नीट बोलायचं आहे. शाळेत चित्र काढता न येणाऱ्या मुलांनी केलेली सुरेख पानं मी बघितली आहेत. पानाचं डिझाइन मोठ्या प्रमाणात क्रम आणि मोकळी जागा यांवर उभं असतं. एकमेकांशी संबंधित गोष्टी जवळ ठेवा, वेगळ्या गोष्टींत अंतर ठेवा. शीर्षकाच्या वरची जागा खालच्या जागेपेक्षा जास्त हवी, म्हणजे ते आपल्या परिच्छेदाला चिकटून राहतं. अंतरं मनाला येईल तशी न देता चार-पाच ठराविक मापं ठरवा, ८, १६, २४, ३२, ४८ अशी, आणि त्यातूनच निवडा. अक्षरांचेही तीन-चार आकार पुरतात. ओळ फार लांब गेली की वाचणाऱ्याची नजर पुढच्या ओळीची सुरुवात चुकते. इंग्रजी मजकुरात एका ओळीत साधारण ४५ ते ७५ अक्षरं चांगली मानतात, म्हणून रुंद पडद्यावर परिच्छेदाला कमाल रुंदी द्या.

रंगाच्या बाबतीत एक ठोस मोजमाप आहे, ते अवश्य पाळा. सुगम्यतेच्या (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ चालतो. #७७७७७७ हा राखाडी पांढऱ्यावर ४.४८ देतो, म्हणजे थोडक्यात नापास. #७६७६७६ पास होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ब्राउझरमधल्या त्याच इन्स्पेक्ट साधनात रंगावर टिचकी मारून गुणोत्तर बघायची सवय लावा.

साइट मराठीत करणार असाल तर आणखी थोडं. हेडमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) जाहीर करा, नाहीतर अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी असल्याचं सांगा. स्क्रीन रीडरला त्यावरून उच्चार ठरवता येतो, आणि काही फाँटांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणं त्यामुळेच उमटतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा. वेलांट्या, मात्रा वर आणि उकार खाली जातात, लाइन-हाइट अक्षराच्या १.५ पट ठेवून दाटी वाटली तर १.७ करून बघा. आणि शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर सोडू नका, शिरोरेघ तुटते.

आता रिअ‍ॅक्ट. ते जरूर शिका, पण पुढच्या सत्रात. रिअ‍ॅक्ट शेवटी ब्राउझरला एचटीएमएलच देतं. ते देताना बटणाच्या जागी डिव्ह दिलात तर अडचण तीच राहते, फक्त शोधायला जास्त थरांतून जावं लागतं. चार-पाच माहितीच्या पानांना त्याची गरजही नाही. या प्रकल्पात जावास्क्रिप्ट एका छोट्या, खऱ्या कामासाठी वापरा: फोनवर मेन्यू उघडणं-मिटणं किंवा पुस्तकांच्या यादीत शोध. ते एक काम स्वतः लिहा, ओळ न् ओळ समजावून सांगता येईल असं.

एआयचंही स्पष्ट सांगते. त्याच्याकडून पूर्ण पान मागितलं तर मिळतं, आणि बहुतेक वेळा चालतंही. पण तेव्हा निर्णय पुन्हा दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असतात, आणि तुमची मूळ अडचण नेमकी तीच आहे. तोंडी परीक्षेत “इथे ग्रिड का घेतलं?” एवढ्या प्रश्नावर मुलं गप्प होतात, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण मेहनत करायची तयारी त्यांच्यात असते. मजकूर आणि पहिली रचना स्वतः करा. मग तो कोड एआयला देऊन विचारा की यात काय चुकतंय आणि का, आणि त्याने सांगितलेला प्रत्येक बदल इन्स्पेक्टमध्ये तपासून मगच घ्या.

लॅबचेच तास मिळत असतील तर लॅबमध्ये विचार करत बसू नका. मजकूर, पानांचा क्रम, प्रत्येक पानाचं कागदावरचं कच्चं रेखाटन हे सगळं घरी होतं. लॅबमध्ये फक्त टाइप करणं आणि तपासणं ठेवा. गटात काम असेल तर एक जण कोड, एक जण पीपीटी, एक जण फोटो अशी वाटणी करू नका. त्यात एकच जण शिकतो. प्रत्येकाने एक पान मजकुरापासून फोनवरच्या तपासणीपर्यंत पूर्ण करावं. रंग, अक्षरांचे आकार आणि अंतरं यांची सीएसएस फाईल मात्र सगळ्यांची मिळून एकच ठेवा आणि ती पहिल्या आठवड्यातच ठरवा.

साइट सर्व्हरवर चढवण्याचं काम शेवटच्या रात्रीवर टाकू नका. लॅबच्या विंडोज मशीनवर दिसणारी चित्रं तिथे गायब होतात, हे दर वर्षी होतं. फाईलचं नाव ‘लोगो’ मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि कोडमध्ये ते छोट्या अक्षराने लिहिलेलं असतं. विंडोजला दोन्ही सारखं, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे ती दोन वेगळी नावं आहेत. किंवा चित्राचा पत्ता ‘सी ड्राइव्ह’पासून सुरू होतो, जो तुमच्या मशीनबाहेर कुठेच अस्तित्वात नाही. फाईलींची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत ठेवा, मोकळ्या जागेऐवजी जोडरेघ वापरा, आणि पत्ते नेहमी चालू फोल्डरपासून द्या. पहिलं अर्धवट पान तयार झालं की लगेच ते चढवून बघा. त्याच वेळी गिटही (कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारं साधन) सुरू करा, म्हणजे काल चालणारं आज का मोडलं हे मागे जाऊन बघता येईल.

जमा करण्याआधी अशा दोन-तीन जणांना साइट दाखवा ज्यांनी ती आधी बघितलेली नाही. “कशी वाटली” असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. काम द्या: “एक पुस्तक किती दिवस ठेवता येतं ते शोधा.” मग शेजारी बसून गप्प बघा. बोट कुठे अडतं, नजर कुठे परत वर जाते, हे टिपून घ्या आणि त्या जागा दुरुस्त करा. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनातून) प्रत्येक पान काढा, न मिटलेले टॅग आणि दोनदा वापरलेले आयडी तिथेच सापडतात.

कोडबरोबर एक पानाचं टिपणही जोडा, मागितलेलं नसलं तरी: साइट कोणासाठी आहे, पानांचा क्रम असा का, कुठे ग्रिड आणि कुठे फ्लेक्सबॉक्स घेतलं व का, लोकांना दाखवल्यावर काय बदललं. तोंडी परीक्षेची तयारी त्यातच होते, आणि उद्या कोणी तुमचं काम बघायला मागितलं तर साइटसोबत हेच टिपण द्या.